मोकळं झालं कोण, पैसे मिळाले कुणाला?



मागच्या महिन्यात आपण व्याजाचा हिशेब कसा मांडायचा ते पाहिलं. त्यानंतर एकीनं विचारलं, "ताई, पूर्वी माणसं विकत घ्यायचे म्हणतात. ते बंद झालं, तेव्हा त्या माणसांचं पुढं काय झालं?" प्रश्न मोठा चांगला आहे. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण तिथं 'गुलामगिरी अमुक साली बंद झाली' एवढी ओळ लिहिली की दोन मार्क पदरात पडायचे. पुढं काय झालं हे कुणी विचारत नव्हतं. आता सहयोगिनी म्हणून गावोगावच्या बचत गटांच्या वह्या तपासते, त्यामुळं इतिहास वाचतानासुद्धा माझं बोट आधी जमा-खर्चाच्या रकान्यावर जातं. आजचं बोलणं त्या रकान्याचंच आहे.

एका बाईपासून सुरुवात करते. मेरी प्रिन्स तिचं नाव. जन्म १७८८ च्या सुमाराचा, बर्म्युडा नावाच्या बेटावर. बेट ब्रिटिशांच्या ताब्यातलं. आई गुलाम, म्हणून लेकही जन्मापासून गुलाम. मेरी बारा वर्षांची असेल नसेल, तेव्हा तिच्या मालकाची बायको वारली आणि त्याला दुसरं लग्न करायचं होतं. लग्नाला पैसा हवा, म्हणून त्यानं मेरीला आणि तिच्या दोन बहिणींना विकायला काढलं. आईनंच तिघींना नवे कपडे चढवले आणि बाजारात नेऊन उभं केलं. तिघी तीन घरी गेल्या. आपल्याकडं लेकीच्या लग्नासाठी बैल विकतात. तिथं मालकाच्या लग्नासाठी लेकी विकल्या.

पुढं तिला टर्क्स बेटावरच्या मिठागरात पाठवलं. पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. कोकणातल्या मिठागरात काम केलेल्या बायांना मी काय सांगावं, पाय कसे होतात ते. मेरीनं सांगून ठेवलंय की फोड हाडापर्यंत जायचे.

नंतर ती अँटिग्वा बेटावर तिसऱ्या-चौथ्या मालकाकडं आली. संधिवातानं अंग आखडलेलं, तरी मालकाच्या घरचं सगळं धुणं तिच्याकडं. आणि इथं तिनं काय केलं बघा. मालक बाहेरगावी गेला की ती इतरांचे कपडे धुवायला घ्यायची. बंदरात जहाजं लागली की कप्तानांना कॉफी आणि कंद विकायची. एकदा तर एका जहाजावरून डुक्कर स्वस्तात घेतलं आणि किनाऱ्यावर दुप्पट भावानं विकलं. असं करून पैसे साठवले. कशासाठी, तर स्वतःलाच विकत घेण्यासाठी! त्या काळी गुलामाला मालकानं मान्य केलं तर किंमत मोजून सुटता यायचं.

मालकानं मान्य केलं नाही. पुन्हा पुन्हा विचारलं, नाही म्हणाला. म्हणजे बचत झाली, माल विकला गेला, नफा झाला, सगळं आपण गटात शिकवतो तसं झालं, आणि तरी उपयोग शून्य. कारण पुढची सही मालकाची होती. बचतीनं सगळं होतं असं मी स्वतः बैठकीत शंभर वेळा सांगते, पण मेरीची गोष्ट वाचल्यापासून त्या वाक्याच्या पुढं एक अट जोडते. सही कुणाची चालते, ते आधी पाहा.

१८२८ साली मालक तिला लंडनला घेऊन गेला. इंग्लंडच्या भूमीवर तिला कुणी जबरदस्तीनं ठेवून घेऊ शकत नव्हतं, म्हणून ती घर सोडून निघाली. पण तिचा नवरा अँटिग्वाला. तिकडं परत गेली की पुन्हा गुलाम. १८३१ साली तिनं आपली कहाणी तोंडी सांगितली, दुसऱ्या एका बाईनं लिहून घेतली आणि ती छापली गेली. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय बाईनं आपल्या आयुष्याबद्दल सांगितलेलं ब्रिटनमध्ये छापून येण्याची ती पहिलीच वेळ.

हे पुस्तक हातोहात गेलं, कारण वाचणाऱ्या आधीच तयार होत्या. ब्रिटनमध्ये बायकांना मताचा अधिकार नव्हता. पण साखर कुणाची आणायची, हे ठरवणारी घरची बाई होती. १७९१ साली संसदेनं गुलामांचा व्यापार बंद करायचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा घराघरांतून गुलामांच्या कष्टाची साखर खाणं बंद झालं. त्या काळच्या एका कार्यकर्त्याचा अंदाज आहे की सुमारे ३ लाख लोकांनी ती सोडली. काहींनी पर्याय म्हणून हिंदुस्थानातून जाणारी साखर घेतली, आणि साखरेच्या भांड्यांवरच छापून घ्यायचे की ही साखर गुलामांनी पिकवलेली नाही.

पुढं १८२५ पासून बर्मिंगहॅमसारख्या गावांत बायकांनी आपल्या मंडळ्या काढल्या. घरोघर फिरायच्या, पत्रकं वाटायच्या, वर्गणी जमवायच्या. गुलामगिरीविरुद्ध लढणारे जे मोठे पुढारी होते, त्यांच्यातल्या काहींना बायकांचं असं दारोदार फिरणं पसंत नव्हतं. (हे वाचून मला आपल्या गावातली पहिली ग्रामसभा आठवली, पण ते असो.) पुरुषांची जी मुख्य संस्था होती तिच्या नावातच शब्द होता, 'हळूहळू'. गुलामगिरी हळूहळू संपवणारी संस्था! लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक नावाच्या बाईंनी १८२४ सालीच पुस्तिका काढून विचारलं होतं की हळूहळू का, ताबडतोब का नाही. शेवटी १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या बायकांनी कळवलं की आम्ही दरवर्षी ५० पौंड देणगी देतो, नावातून तो 'हळूहळू' शब्द काढलात तरच यंदाची मिळेल. त्याच वर्षी शब्द गेला. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग फार आवडतो. भाषण नाही, मोर्चा नाही. वर्गणी कुणाकडून येते ते बायकांना नेमकं ठाऊक होतं.

१८३३ साली बायकांनी संसदेकडं एक अर्ज पाठवला. त्यावर सुमारे १ लाख ८७ हजार बायकांच्या सह्या होत्या. ऑगस्टमध्ये कायदा झाला. वेस्ट इंडीजची बेटं, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका धरून सुमारे ८ लाख माणसं गुलाम राहणार नाहीत असं ठरलं.

आता वही उघडू.

सरकारनं नुकसानभरपाई मंजूर केली, २ कोटी पौंड. सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या जवळपास ४० टक्के. ही रक्कम गेली कुणाला? मालकांना. त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. ज्यांनी जन्मभर फुकट राबून ऊस तोडला, त्यांच्या नावावर एक पैसा नाही. एवढा पैसा तिजोरीत नव्हता, म्हणून सरकारनं कर्ज काढलं. त्या कर्जाचे शेवटचे रोखे फिटले २०१५ साली. म्हणजे ज्यांचे पूर्वज गुलाम होते आणि जे आता ब्रिटनमध्ये राहून कर भरत होते, त्यांनीही ते फेडलं.

आणखी एक गोष्ट, जी सांगायला मला बरं वाटत नाही. भरपाईचे दावे करणाऱ्यांत चाळीस टक्क्यांच्या वर बायका होत्या. विधवा, अविवाहित, वडिलांच्या मृत्युपत्रात दोन-चार गुलाम वाट्याला आलेल्या. बाई आहे म्हणून बाईच्या बाजूनं उभी राहील असं धरून चालू नये. रकाना तिलाही दिसतो.

आणि कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सुटका झाली नाही. १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामांना म्हणायचं 'शिकाऊ उमेदवार'. जुन्याच मालकाकडं आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी काम. वीस-तीस वर्षं ऊस तोडलेल्या माणसाला ऊस तोडण्याची उमेदवारी! लोक चिडले, इकडं ब्रिटनमध्ये पुन्हा सह्या जमल्या, आणि १८३८ मध्ये ते बंद करावं लागलं. अँटिग्वाच्या मळेवाल्यांनी मात्र ही उमेदवारी घेतलीच नाही, १८३४ लाच सगळ्यांना मोकळं केलं. दयेपोटी नव्हे. छोटं बेट, सगळी जमीन मळ्यांची, मोकळी माणसं जातील कुठं? कामाला इथंच येतील. आणि आली.

जिथं माणसं मळा सोडून गेली, तिथं मालकांना नवी माणसं हवी होती. इथं आपण येतो. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून मजूर जायला लागले. पाच वर्षांचा करार, महिना ५ रुपये. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळपास ५ लाख माणसं तिथल्या धक्क्यावर उतरली. त्यांच्यात रत्नागिरीच्या बाजूची मराठी माणसं होती, मुंबई बंदरातून गेलेली. त्यांचे वंशज आजही तिथं गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ही माणसं गुलाम नव्हती. करारावर अंगठा त्यांचा स्वतःचा होता. पण त्या करारात एक रीत होती. एक दिवस कामाला नाही आलं, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ऊसतोडीला जाऊन आलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडं त्याला 'खाडा' म्हणतात.

हैतीचं थोडक्यात सांगते, कारण ते ऐकून रागच येतो. तिथल्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं, फ्रान्सच्या फौजांना हरवलं आणि १८०४ मध्ये स्वतःचा देश केला. कुणी कायदा करून दिला नाही. १८२५ साली फ्रान्सच्या राजानं युद्धनौका पाठवल्या आणि सांगितलं, आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं, १५ कोटी फ्रँक द्या, तर तुमचा देश मान्य करू. पहिल्या हप्त्यासाठी हैतीला पॅरिसमध्ये कर्ज काढावं लागलं. कर्ज ३ कोटींचं, त्यातले ६० लाख सावकारांनी आधीच कापून घेतले. व्याज मात्र पूर्ण ३ कोटींवर. पन्नास हजारांच्या कर्जावर सही आणि हातात चाळीस, हा प्रकार आपल्यालाही माहीत आहे. पुढं मागणी ९ कोटींवर आली, पण त्यातून तयार झालेली कर्जं पूर्ण फिटायला १९४७ साल उजाडलं.

आता अमेरिका. तिथं चार वर्षं यादवी युद्ध झालं आणि १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. ही बातमी आपल्या पुण्यापर्यंत किती खोल पोचली होती पाहा. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना मोकळं केलं. इथल्या शूद्रातिशूद्रांची सुटका आणि तिथल्या गुलामांची सुटका एकाच धाग्यातली आहे, हे त्यांना दिसलं.

सुटलेल्या लोकांना काय हवं होतं? हे कुणी विचारलं का? एकदा विचारलं. जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना शहरात लष्कराच्या सेनापतीनं वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं. त्यांच्या वतीनं बोलले गॅरिसन फ्रेझर. या गृहस्थांनी आठ वर्षांपूर्वी १००० डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला विकत घेतलं होतं. मेरीला जे जमू दिलं नाही, ते त्यांना जमलं होतं. ते म्हणाले की आम्हाला जमीन द्या, आम्ही ती कसू आणि आमचं पोट भरू, पुढं विकतही घेऊ. चार दिवसांत हुकूम निघाला, एका कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन. सुमारे ४० हजार माणसं त्या जमिनींवर जाऊन राहिलीही. पण राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला, नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत दिली.

मग उरली वाट्यानं शेती. बियाणं, खाणं, कपडा मालकाच्या दुकानातून उधार. खातं मालकाच्या हातचं. कापूस निघाला की हिशेब, आणि बाकी दरवर्षी मजुराकडंच निघायची. बाकी फिटेपर्यंत हलायचं नाही.

तरीही लोकांनी बचत केली! १८६५ सालीच सुटलेल्या गुलामांसाठी एक बचत बँक निघाली. ५ सेंटसुद्धा भरून घ्यायची. धुणंवाल्या, शेतमजूर, सैनिक, सगळ्यांची पासबुकं. लोकांना वाटायचं बँक सरकारी आहे, पासबुकावर लिंकनचं चित्र होतं. ती सरकारी नव्हती. १८७० मध्ये नियम बदलून घेतला आणि वरच्या मंडळींनी गरिबांचा पैसा आपल्या ओळखीच्या धंदेवाल्यांना कर्जाऊ दिला. १८७३ ला मंदी आली. बँक डुबायला लागल्यावर फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं. हे स्वतः गुलामगिरीतून पळालेले, नाव मोठं. त्यांनी स्वतःचे १० हजार डॉलर घातले. पण आतून सगळं पोखरलेलं होतं. जून १८७४ मध्ये बँक बंद पडली. ६१ हजार खातेदार, जवळपास ३० लाख डॉलर अडकले. काहींना वर्षानुवर्षांनी थोडे परत मिळाले, पुष्कळांना काहीच नाही. ती माणसं अडाणी होती म्हणून फसली असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. त्यांनी वेळेवर भरलं. वही तपासायचा अधिकार त्यांना नव्हता.

अटलांटा शहरातल्या धुणंवाल्यांचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. या बहुतेक गुलामगिरीतून सुटलेल्या किंवा त्यांच्या लेकी. पाणी लांबून आणायचं, साबण घरी बनवायचा, पिंप अर्धं कापून त्यात कपडे घासायचे, आणि महिन्याला ४ ते ८ डॉलर. जुलै १८८१ मध्ये वीस जणी एकत्र आल्या आणि त्यांनी धुणंवाल्यांची संस्था काढली. दर ठरवला, १२ पौंड कपड्यांना १ डॉलर. कमी दरानं कुणीच धुवायचं नाही. घरोघर, देवळोदेवळी फिरून तीन आठवड्यांत वीसाच्या ३ हजार झाल्या. काहींना अटक झाली, दंड झाले. नगरपालिका म्हणाली, प्रत्येक धुणंवालीवर २५ डॉलरची परवाना फी बसवू. म्हणजे काहींची सहा महिन्यांची कमाई. बायांनी महापौरांना पत्र लिहिलं की आम्ही फीसुद्धा भरू, पण मग शहराचं धुणं आमच्या ताब्यात राहील, दर आम्ही ठरवू. फी लावायचा बेत नगरपालिकेनं सोडून दिला.

आता आपल्या वहीकडं येते, कारण ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आहे आणि गावात उचलीचं वाटप सुरू झालंय. १८३३ च्या त्या ब्रिटिश कायद्यातून कंपनी सरकारचा हिंदुस्थान वगळला होता. इथं गुलामगिरीला कायद्यानं मान्यता राहणार नाही, हे १८४३ मध्ये ठरलं. कर्जासाठी माणूस अडकवून ठेवणं मात्र चालूच राहिलं. त्यासाठीचा आपला कायदा १९७६ चा, वेठबिगारी निर्मूलनाचा.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नाही. पण आगाऊ रकमेच्या बदल्यात मजुरी नाही किंवा नावापुरतीच मजुरी, दुसरीकडं कामाला जायला बंदी, गावी जाऊ देत नाहीत, असं असेल, तर ती या कायद्यात येते. तसं असेल, तर ते कर्ज कायद्यानं संपतं. फेडायचं राहत नाही. नवरा वारल्यावर त्याच्या उचलीपायी बायकोला किंवा पोराला कोयत्यावर नेणं, हेही त्यातच बसतं. आणि एक कलम तर मी पाठ केलंय, पंधरावं. मजूर म्हणाला की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. म्हणजे वही त्यानं दाखवायची. आपल्याकडं कागद नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात करायची. तिथं याच कामासाठी दक्षता समिती असते. चौकशी होऊन सुटका झाली, की 'मुक्तता प्रमाणपत्र' मागून घ्यायचं. सोडून दिलं, गाडीत बसवून गावी पाठवलं, एवढ्यावर परत यायचं नाही. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत सुटलेल्या पुरुष मजुराला १ लाख, बाई किंवा मूल असेल तर २ लाख आणि फारच वाईट छळाच्या प्रकरणात ३ लाखांपर्यंत मदत आहे. ही रक्कम मालकाला नाही, मजुराच्या नावावर येते, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय तिचा अर्ज पुढं सरकत नाही.

तर या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. ज्या घरातून जोडपं तोडीला जाणार आहे, त्यांची उचल किती ठरली, हातात किती मिळाली, मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव, खाड्याला किती कापणार, हे गटाच्या इतिवृत्तात लिहून त्या बाईची सही किंवा अंगठा घ्या. तारीख घालायला विसरू नका.